कोगनोळी नाक्याचे मेसेज

प्रेमाला सीमा नसते. उन्मेषच्या प्रेमाला मात्र ती होती. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यामधली, कोगनोळीची, आणि तिथं दर खेपेला टोल कापला जात होता.

सुरुवात झाली दिवाळीनंतरच्या एका रविवारी, राजारामपुरीत. उन्मेषच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, चौदा वर्षं वापरलेली लाल गाडी विकायला काढली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, अण्णांना गाडी प्रथमच स्वच्छ दिसली आणि ती विकावी असं त्यांच्या मनात आलं. उन्मेषला गाडीची गरज नव्हती. तो कंपनीच्या बसनं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जायचा. नावातले पाच तारे सोडले तर तिथं सगळं लोखंडच. तयार झालेले लोखंडी भाग तपासून त्यातले दोष लिहून काढणं, हे त्याचं काम. नऊ वर्षं तो हेच करत होता, त्यामुळे गुण सांगायची त्याची सवय गेली होती.

गाडी बघायला आली संयोगिता. राहणार फुलेवाडी, व्यवसाय फिजिओथेरपीचा. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार ती कोगनोळी नाक्यापलीकडं, निपाणीच्या एका दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करायला जायची. मशीनची पेटी घेऊन एसटीत चढता-चढता आता तिचाच खांदा धरला होता. नवी गाडी परवडत नव्हती. जुनी तरी परवडते का, हे बघायला तिनं केरबा मिस्त्रीला सोबत आणलं होतं.

केरबानं बॉनेट उघडलं, कान लावला, डोळे मिटले.

"इंजिन खणखणीत हाय, ताई," तो म्हणाला. "बाकीचं बी खणखणतंयच म्हणा."

संयोगिता उन्मेषकडं वळली. "तुम्ही सांगा. पण खरं सांगायचं."

असं डोळ्यांत बघून त्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. तो सांगत सुटला. डावीकडचं मागचं दार आतून उघडत नाही. पंखा तीन नंबरवरच चालतो. स्टिअरिंग पूर्ण डावीकडं फिरवलं की हॉर्न आपोआप वाजतो. चढाला इंजिन तापतं. क्लच प्लेट फार तर वर्ष काढेल...

"अरे, विकायला काढलीय गाडी," अण्णा ओरडले, "पोस्टमॉर्टेमला नव्हे!"

संयोगिता हसली. हसताना तिची मान किंचित कलायची आणि कानामागची बट सुटून गालावर यायची. दोषांच्या यादीतलं पुढचं कलम उन्मेष विसरला ते कायमचंच.

"घेते मी," ती म्हणाली. "माणूस खरं बोलतोय."

"माणूस न्हाय, ताई," केरबा म्हणाला, "गाडी घ्यायचीया."

कागदांवर सह्या झाल्या. गाडी निघाली, कोपऱ्यावर डावीकडं वळली आणि हॉर्न वाजला. उन्मेषनं हात हलवला. तो हॉर्न आपल्यासाठी नव्हता हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी हात बराच वेळ वरच राहिला.

मंगळवारी सकाळी त्याच्या खिशात फोन थरथरला. काचेवरचा फास्टॅगचा स्टिकर काढायला सगळेच विसरले होते आणि तो उन्मेषच्या खात्याला जोडलेला होता. बँकेनं इंग्रजीत कळवलं होतं, त्याचं मराठी असं: प्रिय ग्राहक, आठ वाजून एकेचाळीस मिनिटांनी आपल्या गाडीचा टोल कोगनोळी नाक्यावर कापला आहे.

त्यानं मेसेज दोनदा वाचला. त्याला 'प्रिय' म्हणणारी आजवर एक बँकच होती. पण या खेपेला त्या शब्दामागं कुणीतरी गाडी चालवत होतं.

ताबडतोब फोन करून सांगायला हवं होतं. दुपारी करू, असं त्यानं ठरवलं. दुपारी वाटलं, ती कामात असेल. संध्याकाळी सहा बाराला दुसरा मेसेज आला. परत निघाली होती ती. सकाळी पोचली, संध्याकाळी परतली... हे कळायचं आपल्या हातानं बंद करायचं?

त्यानं फोन केला नाही. टॅगमध्ये पैसे मात्र भरले.

मग आठवड्याचे दोन भाग पडले. मंगळवार, गुरुवार, शनिवार हे दिवस, आणि उरलेले नुसते कॅलेंडरवर छापलेले. सकाळी साडेआठपासून तो हातातला लोखंडी भाग उगाच उलटा-सुलटा करत बसायचा. थंडी पडली. गुऱ्हाळं पेटली. कागलच्या रस्त्यावर गोड, जड वास दाटायला लागला की त्याला वाटायचं, हाच वास आत्ता तिच्या काचेतून आत येत असेल. डावीकडची काच नीट बंद होत नाही, हे त्यानं सांगायचं राहून गेलं होतं.

एका गुरुवारी सहा बारा झाले, साडेसहा झाले, सात झाले. मेसेज नाही. सव्वासातला त्यानं फोन लावला.

"हॅलो... उन्मेष बोलतोय. राजारामपुरीतला. गाडी— गरम झालीय का?"

"व्हय. नाक्याच्या अलीकडंच उभी आहे, निपाणीच्या बाजूला. तुम्हाला कसं कळलं?"

"हीटर पूर्ण चालू करा. काचा खाली घ्या. इंजिनाची उष्णता आत येते."

"म्हणजे गाडीचा ताप मी अंगावर घ्यायचा?"

"थोडा वेळच."

"बरं. पण कळलं कसं, ते सांगा की."

"अंदाज..."

"चांगला आहे की अंदाज," ती म्हणाली, आणि त्यातलं हसू फोनमधूनही ऐकू आलं.

सात अडतीसला मेसेज आला तेव्हा उन्मेष ताटावर बसला.

पण पुढच्याच रविवारी विपरीत घडलं. दहा पन्नासला गाडीनं कोगनोळी ओलांडली आणि अकरा वाजून चार मिनिटांनी परत ओलांडली. रविवारी दवाखाना बंद. मग चौदा मिनिटं नाक्यापलीकडं कुणाकडं? उन्मेषनं लोखंडाला लावायचं ते सगळं गणित या चौदा मिनिटांना लावलं. चौदा मिनिटांत चहा होतो, पोहे होतात, नाव-शिक्षण विचारून होतं. स्थळ! आणि मुलगा नाक्याजवळचाच असणार.

बुधवारी पुन्हा. या वेळी नऊच मिनिटं. म्हणजे आता पोहे थांबले होते. नुसतं बघून यायचं, इथवर गाडी पुढं गेली होती. त्याच्यापुढच्या रविवारी तर सकाळ-संध्याकाळ.

टॅगमधले पैसे संपत आले. उन्मेषनं पुन्हा भरले. ती दुसऱ्या कुणाला भेटायला जात होती आणि नाक्यावर अडकली तर उशीर होईल, याची काळजी हा करत होता.

"जेवणात लक्ष नाही तुझं," अण्णा म्हणाले. "गाडी माझी गेली आणि सुतक तू पाळतोयस."

जानेवारी संपता-संपता तिचाच फोन आला.

"गाडी माझ्या नावावर झाली हो," संयोगिता म्हणाली. "आता काचेवरचा तुमचा टॅग बंद करायला पाहिजे. शनिवारी परत येताना कागलच्या स्टँडपाशी थांबते, तेवढा काढून द्या."

"ब... बरं," तो म्हणाला. तिला टॅगचं ठाऊक आहे, हे त्याच्या डोक्यात शिरायला रात्र गेली.

शनिवारी तो स्टँडच्या कोपऱ्यावर उभा राहिला. सहा बाराला फोन थरथरला. शेवटचा. इतके दिवस नुसते मेसेज आले होते. आज पहिल्यांदाच मेसेजच्या मागोमाग माणूस येणार होतं. ती दहा मिनिटं त्याला संपायला नको होती.

लाल गाडी समोर थांबली. तो पुढं बसला. खिशातली स्टीलची पट्टी काढून काचेवरचा स्टिकर खरवडायला लागला. तिच्या अंगाला दवाखान्यातल्या तेलाचा वास होता. तिनं इंजिन चालूच ठेवलं होतं.

"मुलगा... काय करतो?" स्टिकरकडंच बघत त्यानं विचारलं.

"कुठला मुलगा?"

"नाक्याजवळचा. रविवार अकराचा. बुधवारीही—"

ती वळून त्याच्याकडं बघत राहिली.

"अहो, नाका ओलांडून पुढच्या वळणावरनं परत फिरत होते मी!"

"का?"

"मेसेज जावा म्हणून." तिनं स्टिअरिंगवर बोट फिरवलं. "त्या गुरुवारच्या फोननंतर केरबाला विचारलं. तो म्हणाला, ताई, तुम्ही नाका वलांडला की तिकडं त्येंच्या खिशात वाजतंय. मला वाटलं होतं, अण्णांनीच आधी पैसे भरून ठेवलेत. मग म्हटलं, महिनाभर माणूस गप बसून बघतोय... आपण हाक मारून बघू. पहिल्या फेरीला वाटलं, आता फोन येईल. दुसऱ्या फेरीला वाटलं, कामात असंल. आठवी फेरी झाली तेव्हा कळलं, माणूस मठ्ठ हाय."

पट्टी थांबली.

"क्लच प्लेटसाठी ठेवलेले पैसे पेट्रोलात गेले माझे," ती हळूच म्हणाली. "टोल तुमचा, पेट्रोल माझं."

स्टिकरचा शेवटचा तुकडा त्याच्या बोटाला चिकटून आला. एकदा काढला की तो परत लागत नाही. काच मोकळी झाली, आणि उन्मेषला एकाएकी फार एकटं वाटलं.

"आता... पोचलात का, हे मला कळणार कसं?"

"विचारायचं. तोंड दिलंय ना देवानं? मंगळवार, गुरुवार, शनिवार मी फोन करीन. बाकीचे दिवस तुम्ही."

"रोज?"

"रविवारी प्रत्यक्ष या. फुलेवाडीला टोल न्हाय."

नऊ वर्षं दोष शोधणाऱ्या माणसानं हे वाक्य सगळ्या बाजूंनी तपासलं. दोष सापडला नाही. त्यानं गिअरवरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला. तिनं काढला नाही. समोर उसाची एक ट्रॉली गेली, मग दुसरी. दिवे लागले. मागून कसलासा कर्कश आवाज येत होता, तो त्याला सनईसारखा वाटत होता.

"उन्मेष..." ती म्हणाली. अहो नाही, काही नाही. नुसतं उन्मेष.

"हं?"

"एक मागू?"

"माग की," तो म्हणाला. त्या घटकेला तिनं काहीही मागितलं असतं तरी त्यानं दिलं असतं.

"हात जरा उचल. मागं एसटी कधीची हॉर्न मारतीया, मला पहिला गिअर टाकू दे."