गप्प बसण्याची शिकवणी

तो पहिल्यांदा तिच्या खिडकीशी आला, तेव्हा त्याचा उजवा डोळा मिटलेला होता आणि डावा तिच्याकडे बघत होता.

"रांजणवाडी," चिठ्ठी उघडायच्या आधीच ती म्हणाली.

"तुम्ही डॉक्टर?"

"फार्मासिस्ट. डॉक्टर लिहितात, आम्ही वाचतो. दोन्हींत अवघड कुठलं ते तुम्हीच ठरवा." मलमाची ट्यूब काउंटरवर ठेवून ती एका दमात सुटली. "हात साबणाने धुवा, आरशासमोर उभे राहा, मान मागे, खालची पापणी हलकी ओढा, आत तांदळाएवढं मलम, ट्यूबचं तोंड डोळ्याला टेकवू नका, डोळा मिटून ठेवा, चोळू नका, थोडा वेळ धूसर दिसेल, घाबरू नका, गाडी चालवू नका, गरम पाण्याचा शेक द्या आणि टॉवेल वेगळा ठेवा."

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आता मी सांगतो, बरोबर का बघा. हात धुवायचे... आणि घाबरायचं नाही."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं वाहून गेलं. पूरच आला होता ना."

मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. हॉस्पिटलच्या औषध विभागात आपल्याला 'मुसळधार' म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. पण ते पाठीमागे. तोंडावर म्हणणारा हा पहिलाच. तिने रागारागाने स्वतःची पापणी बोटाने खाली ओढली. "अशी! करून दाखवा."

त्यानेही ओढली. खिडकीच्या अलीकडे ती, पलीकडे तो, दोघंही तोंडं वाकडी करून, डोळे ताणून एकमेकांकडे बघत उभे. प्रेमाची सुरुवात नजरानजरेने होते म्हणतात. पण इतकी उघडीवाघडी नजरानजर क्वचितच कोणाची झाली असेल.

"जमलं," तो म्हणाला. "बघा, करून घेतलंत की लगेच जमलं."

तो गेल्यावर तिने पुढच्या माणसाला खोकल्याचं औषध दिलं आणि 'रिकाम्या पोटी' सांगायच्या ऐवजी 'मान मागे' असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सगळे फार्मासिस्ट सभागृहात जमले. शिकवणाऱ्यांना शिकवायला शिक्षणसंस्थेतून कोणी तज्ज्ञ यायचा होता. तज्ज्ञ आला. पाहते तर काय, तोच! डोळा अजून सुजलेला, आणि दर वाक्यागणिक आपोआप मिटणारा.

"या आठवड्यात आपल्याला फार जवळून काम करायचंय," तो तिच्या रांगेकडे बघून म्हणाला आणि डोळा मिटला. सभागृहात खसखस पिकली. तिच्या शेजारणीने तिला कोपराने ढोसलं.

"रांजणवाडी आहे ती," ती पुटपुटली.

"असेल बाई. आम्हाला कुठे ठाऊक? मलम तू दिलंस."

प्रशिक्षणाची गरज होती, हे मात्र खरं. विभागात शिकायला तीन जण होते. पहिल्या वर्षाची 'चिमणी', सगळ्या गोष्टींनी दचकणारी. शेवटच्या वर्षाचा 'पंडित'; पुस्तक तोंडपाठ, पण रोग्याच्या खाटेपाशी गेला की हात कुठे ठेवावेत कळेना. आणि पदवी मिळवून वर्षभराच्या वॉर्डातल्या उमेदवारीला आलेली 'थोरली', जिला फार्मासिस्ट म्हणून उद्या एकटीने उभं राहायचं होतं. आपली 'मुसळधार' सकाळी चिमणीला शिकवायची, दुपारी पंडितला, संध्याकाळी थोरलीला. रोगी तोच, औषध तेच, आणि तेच पुराण तीनदा. मधल्या मधे तिचं स्वतःचं काम साचायचं, वॉर्डातून "औषध कधी येणार?" असे फोन यायचे आणि डबा उघडल्यावाचून घरी परत जायचा.

शेवटी हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, त्यांनी सभागृहात येऊन सांगून टाकलं, "शनिवारी मी स्वतः वॉर्डात उभी राहीन. एकाच फेरीत तिघंही शिकताना दिसले आणि काम अडलं नाही, तर ठीक. नाहीतर पुढच्या सत्रापासून शिकाऊ मंडळी बंद. फेरी कोण घेणार?"

बाकीच्यांना एकाएकी छताचा पंखा फार आवडू लागला. तिने हात वर केला. औषधं देणं ही तिची नोकरी होती. पण शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'अच्छा, असं आहे होय!' उगवताना बघणं, हा तिच्या लेखी खरा पगार. तो बंद झाला तर राहिलं काय? नुसती खिडकी!

त्या तज्ज्ञाची रीत ऐकायला अगदी सोपी होती. "तिघांना एकाच रोग्यापाशी न्या. सगळ्यांत लहानाला विचारा, काय दिसतं? मधल्याला विचारा, असं का? आणि मोठ्याला, मग आता काय करायचं? मोठ्याने मधल्याला सांभाळून घ्यायचं, मधल्याने लहानाला."

"आणि मी?"

"तुम्ही गप्प. रोग्याला धोका दिसला, तर मधे पडायचं. नाहीतर अगदी गप्प."

या खेपेला सभागृह इतकं हसलं, की बाहेरचा चपराशी डोकावून गेला.

दोन दिवसांनी सरावात तो स्वतः चिमणी झाला, शेजारीण पंडित झाली. त्याने लाजत विचारलं, "बाई, ही गोळी जेवणाआधी की नंतर?" शेजारीण तोंड उघडते न उघडते तोच तिने उत्तर देऊन टाकलं, कारणासकट आणि अपवादांसकट.

"तुम्ही उत्तर दिलंत," तो म्हणाला.

"मग? चुकलं?"

"बरोबर होतं. तेच तर दुखणं आहे. उत्तर तुमच्याजवळ होतं आणि तुमच्याजवळच राहिलं."

तिला राग आला, आणि राग आला म्हणून ती संध्याकाळी कँटीनमध्ये थेट त्याच्या टेबलाशी जाऊन बसली. "मला गप्प बसायला शिकवा."

"एवढं मोठं काम एकट्याने?" त्याने चहाचा कप तिच्याकडे सरकवला. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. काच धुक्याने भरली होती. "बरं. मी चुकीचं बोलत जाईन. तुम्ही फक्त प्रश्न विचारायचे. चालेल? तर... ताप उतरला की अँटिबायोटिक आपल्या मनाने लगेच थांबवावं."

तिने ओठ घट्ट मिटले.

"उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यांना द्याव्यात. शेजारधर्म म्हणून."

तिने टेबलाची कड धरली. "असं... असं तुला का वाटतं?"

"वा! पण चेहऱ्यानेही गप्प राहायचं. तुमच्या भुवया केव्हाच उत्तर देऊन मोकळ्या झाल्या."

"भुवयांवर माझा ताबा नाही."

"ते दिसलंच," तो म्हणाला. बघत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "आता तुम्ही चिमणी. माझ्या डोळ्याकडे बघून सांगा, काय दिसतं?"

ती पुढे वाकली. "सूज उतरलीय."

"का?"

"कारण कोणीतरी मलम नीट लावायला शिकवलं."

"मग... आता काय करायचं?"

प्रश्न सरळ होता, पण आवाज सरळ नव्हता. तिच्याकडे एका प्रश्नाला दहा उत्तरं तयार असत. त्या घडीला एकही सापडेना. काचेवरून एक थेंब वाकडातिकडा घरंगळत खाली गेला, तो दोघांनी अगदी मन लावून पाहिला.

"बघा," तो हळूच म्हणाला. "जमतंय तुम्हाला."

हे शिकवणीतलं गप्प बसणं नव्हे, असं तिच्या ओठांवर आलं होतं... पण तेही राहिलंच.

त्या रात्री जेवताना वहिनीने वाढता वाढता सहज म्हटलं, "अगं, आज डबा रिकामा कसा?"

"भूक लागली होती."

"आणि एवढी शांत कशी? अहो, ऐकलंत का, तुमच्या बहिणीने अर्धं जेवण झालं तरी एकाही रोग्याची गोष्ट सांगितली नाही. ताप आहे का बघा."

दादाने पानातून मान वर केली नाही. "सराव चाललाय म्हणते."

"कसला?"

"गप्प बसायचा," ती म्हणाली.

वहिनीने पळी खाली ठेवली. "कोण आहे गं तो? मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून जे मला जमलं नाही, ते जमवणारा?"

ती इतकी लाजली, की उत्तराची गरजच उरली नाही.

शनिवार उजाडला. वॉर्डात स्पिरिटचा वास, खिडकीतून आलेलं कोवळं ऊन आणि पडद्याशी हाताची घडी घालून उभ्या मोठ्या मॅडम. त्यांच्या शेजारी तो. खाटेवर एक शिंपी आजोबा उशीला टेकून धापा टाकत बसलेले. दमा जुना, औषध नियमित, तरी आराम नाही; या वर्षात दुसऱ्यांदा दाखल. डॉक्टरांचा आणखी एक औषध वाढवायचा विचार चालला होता.

तिची नजर खाटेशेजारच्या कपाटावर गेली, आणि तिला सगळं एका क्षणात कळलं. कॅप्सूलची पट्टी अर्धी संपलेली. तिच्याशेजारी पाण्याचा पेला. आणि ज्या छोट्या यंत्रात ती कॅप्सूल फोडून, तिची पूड श्वासाबरोबर आत ओढायची, ते यंत्र खोक्यात तसंच, सील न फोडलेलं.

आजोबा कॅप्सूल गिळत होते!

जीभ शिवशिवली. एक वाक्य, फक्त एक! पण आजोबांना या घडीला धोका नव्हता. पुढच्या दोन मिनिटांनी त्यांचं काही बिघडणार नव्हतं. तिने श्वास घेतला आणि चिमणीला विचारलं, "काय दिसतं तुला?"

"आजोबा... बसलेत. दम लागलाय." चिमणीचा आवाज थरथरला. "पट्टी अर्धी संपलीय. म्हणजे औषध... घेतायत."

"तरी दम का?" तिने पंडितकडे पाहिलं.

पंडितने औषधाचं कूळ, मूळ, गुणधर्म घडाघडा म्हणून दाखवले. आजोबा कौतुकाने ऐकत राहिले. मोठ्या मॅडमनी घड्याळ पाहिलं. थोरलीने तिच्याकडे आशेने बघितलं. बाई आता सांगतील, नेहमीसारख्या...

बाई गप्प.

शांतता ताणली गेली. इतकी, की पडद्याशी उभ्या असलेल्या त्यालाच ती सोसेना. त्यालाही ते खोकं दिसलं होतं. तो अर्धं पाऊल पुढे आला, तोंड उघडलं... आणि तिने नुसती भुवई उचलून त्याला जागच्या जागी थांबवलं. शिकवणाऱ्याचं तोंड मिटलं.

बाई बोलत नाहीत हे कळल्यावर थोरलीने जरा विचार केला. मग ती चिमणीकडे वळली. "तू आजोबांना विचार ना, कसं घेतात ते. नुसतं विचारू नकोस, करून दाखवायला सांग."

"आजोबा, दाखवाल?"

आजोबांनी रुबाबात कॅप्सूल काढली, पेला उचलला...

"थांबा!" चिमणी ओरडली. "गिळता तुम्ही?"

"मग काय कानात घालू?"

"अहो, पोटात गेलेली पूड फुप्फुसांना कशी मिळणार!" पंडित उसळला, आणि पुस्तकातलं सगळं ज्ञान पहिल्यांदाच त्याच्या हातांत उतरलं. त्याने सील फोडलं, यंत्र उघडलं, एकदा चुकला, चिमणीने कागदावरचं चित्र वाचून दुरुस्त केलं. दोघांनी मिळून आजोबांना शिकवलं. पूर्ण श्वास बाहेर, मग तोंडात धरून जोरात आत, मग थोडं थांबा. आजोबांनी केलं. परत करून दाखवलं. या खेपेला बरोबर.

"मॅडम," थोरली मोठ्या मॅडमकडे वळली. आवाज स्थिर होता. "औषध पोचतच नव्हतं. नवीन वाढवायच्या आधी हेच नीट घेऊन बघावं, असं मला वाटतं. डॉक्टरांशी मी आत्ताच बोलते."

"मागे खिडकीतल्या बाईंनी सगळं सांगितलं होतं हो," आजोबा प्रांजळपणे म्हणाले. "फार हुशार बाई. मला एक अक्षर कळलं नाही."

"ती बाई मीच, आजोबा," ती म्हणाली.

आजोबांनी तिला निरखलं. "आज मग कशा एवढ्या गप्प?"

वॉर्ड हसला. मोठ्या मॅडमसुद्धा हसल्या. पाहिलेल्यांनी ते पुढे कित्येक दिवस इतरांना सांगितलं. "हाच प्रश्न माझा होता," त्या म्हणाल्या. "पण उत्तर मिळालं. शिकाऊ मंडळी राहतील. आणि बाकीच्या फार्मासिस्टांना ही रीत तुम्ही शिकवायची. सोमवारपासून."

चिमणीने पंडितला मिठी मारली, मग आपण काय केलं ते कळून दोघंही दोन दिशांना उडाले. थोरली मात्र तोवर डॉक्टरांना गाठायला निघूनही गेली होती.

तो जिन्यापाशी भेटला. खांद्याला बॅग होती.

"मला थांबवलंत तुम्ही," तो म्हणाला. "भुवईने."

"आता ताबा आलाय."

"हो... माझं काम झालं इथलं. सोमवारी दुसरं हॉस्पिटल. तसं फार लांब नाही... म्हणजे बस आहे थेट... येता येईल, कोणी बोलावलं तर... अर्थात कामासाठीच असं नाही..." तो जिन्याच्या कठड्याशी बोलत होता.

"झालं?" ती म्हणाली. "सकाळपासून तोंडाला कुलूप लावून उभी आहे मी. आता उघडतेय. मधे बोलायचं नाही. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी राग आला तेव्हाच आवडलात. तुम्ही डोळा मिटता तेव्हा मला ठाऊक असतं की ती रांजणवाडी आहे, आणि तरी मला वाटतं की नसावी. माझं काम इथे आहे, मी इथून हलणार नाही, आज तर मुळीच नाही. तुम्ही गावोगाव शिकवत फिराल, तेही मी थांबवणार नाही. पण संध्याकाळी परत यायचं ते माझ्याकडे. बोलून मला थकवा येत नाही, तुम्हाला ऐकून येत असेल तर आत्ताच सांगा. पूर येणारच. रोज येणार."

जिन्यावरून जाणाऱ्या दोन नर्स थांबल्या होत्या. एकीने दुसरीचा हात घट्ट धरला होता.

"यातलं काय काय लक्षात राहिलं?" तिने विचारलं. श्वास फुलला होता.

"सगळं," तो म्हणाला. "शब्दन् शब्द. हो. सगळ्याला हो."

नर्सनी टाळ्या पिटल्या. तिने पदर नाही, पण अ‍ॅप्रन सावरला आणि तिथेच फोन लावला.

"वहिनी, आज एक पान वाढव."

"पाहुणा का गं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. दोन्ही डोळे टक्क उघडे, आणि दोन्हींत तीच.

"नाही," ती म्हणाली. "घरचाच."

पलीकडून वहिनीची "अहो, ऐकलंत का!" अशी आरोळी उठली ती इतकी दणदणीत, की फोन कानापासून हातभर लांब धरूनही ती दोघांनी, दोन्ही नर्सनी आणि जिन्याखालच्या अख्ख्या रांगेने ऐकली.