टिटवीचं सातवं लिटर

बोंडू दुपारपासून सात मोजत होता.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा," जेटीवर मांडलेल्या रिकाम्या डब्यांवर बोट ठेवत तो म्हणायचा आणि थांबायचा. बोटीच्या डाव्या इंजिनात सात लिटर तेल मावतं. त्याने सहा ओतले होते. सातवं आणायला तो मच्छीमार सोसायटीच्या दुकानात गेला, परत येऊन बघतो तर डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) भरल्याची खूण दाखवत होती.

"सहाचे सात कसे झाले? माझी मोजणी बिघडली असावी." आणि पुन्हा पहिल्यापासून.

बोंडू हा काजूच्या बोंडासारख्या पिवळ्या डोक्याचा यंत्रमानव. खाडीतल्या 'टिटवी' या जल-रुग्णवाहिकेची देखभाल त्याच्याकडे होती. रस्त्यावरच्या गाड्या विजेवर धावू लागून पंधरा वर्षं झाली होती. पण एवढ्या वेगाला पुरेल अशी बॅटरी चढवली तर बोटच जड होते, म्हणून टिटवीची दोन इंजिनं अजून करंजाच्या बियांपासून केलेल्या इंधनावर चालत. अशी इंजिनं मोजकी उरली होती. त्यांच्या तेलातलं कळणारी माणसं त्याहून मोजकी.

सहाचे सात कसे झाले, ते दहा वर्षांच्या उल्काला ठाऊक होतं. बोंडू दुकानात गेला तेव्हा तिनेच काकाने जुन्या काळची आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवलेला चकचकीत डबा ओतला होता. रेसच्या गाडीचं तेल. रेसची गाडी वेगवान, टिटवी वेगवान, मग याहून भारी तेल कुठलं? बोंडू आला की सांगून त्याला चकित करायचं होतं. पण तो इतका गोंधळला की सांगायचं राहिलं, आणि राहिलेलं सांगणं दर मिनिटाला जड होत गेलं.

चार वाजले. पाचला आई, म्हणजे टिटवीची चालक वृंदा, कासवबेटावर निघणार होती. तिथल्या दीपगृहात राहणाऱ्या सईदाचे दिवस भरले होते. साडेपाचनंतर ओहोटीने खाडीच्या तोंडाशी वाळू वर येते. पुढची भरती येते ती अंधारात, म्हणून सकाळपर्यंत वाट बंद.

उल्का घरात आली, पाणी प्यायली, पुन्हा बाहेर गेली, पुन्हा आत आली. आजोबा चष्म्यावरून बघत होते. तीस वर्षं ते तेलांच्या प्रयोगशाळेत होते.

"काय गं, पायाला मुंग्या चावतायत?"

"आजोबा, समजा... समजा हं. वेगवान बोटीत रेसच्या गाडीचं तेल घातलं तर बोट आणखी पळेल ना?"

"तळहात घास एकमेकांवर. जोरात."

"गरम झाले."

त्यांनी तिच्या हातावर खोबरेलाचे चार थेंब टाकले. "आता?"

"सरकतात नुसते."

"इंजिनात धातूवर धातू असाच घासतो, मिनिटाला सहा हजार फेऱ्या. मध्ये तेलाचा पापुद्रा असतो म्हणून तो टिकतो. आता सांग, हेच खोबरेल थंडीत कसं होतं?"

"घट्ट. बाटलीतून निघत नाही. उन्हात ठेवलं की पाण्यासारखं."

"हं. द्रवाच्या या दाटपणाला विष्यंदिता म्हणतात (वाहताना द्रव आतून स्वतःलाच जो विरोध करतो तो). इंजिनाचं तेल थंड असताना पटकन वाहायला हवं आणि तापल्यावरही फार पातळ व्हायला नको. म्हणून डब्यावर दोन आकडे असतात. टिटवीला लागतं दहा-डब्ल्यू-चाळीस. डब्ल्यू जोडलेला आकडा थंडीतला, जितका लहान तितकं सुरुवातीला वाहणं सोपं. दुसरा तापल्यावरचा. तो मोठा, तर पापुद्रा जाड. रेसच्या डब्यावर काय होतं?"

"शून्य-डब्ल्यू-वीस," उल्का म्हणाली आणि ओठ मिटून घेतले.

आजोबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "म्हणजे तापल्यावर पातळ. गाडी घाट उतरते तेव्हा इंजिन काय करतं?"

"आराम."

"समुद्राला उतार कुठे असतो? बोट सदा चढावरच असते बाळा. पाणी ढकलणं एक क्षण थांबत नाही. शिवाय रेसचं तेल शर्यत संपली की काढून टाकतात, त्यामुळे गंज रोखणारी द्रव्यं त्यात बेताचीच. टिटवी दिवस-दिवस खाऱ्या हवेत उभी असते."

"आणि सातांतलं एकच लिटर असेल तर?"

आता आजोबांनी चष्मा काढला. "कदाचित काहीच होणार नाही. पण 'कदाचित'च्या भरवशावर दिवस भरलेली बाई आणायची नसते."

पुढचं उल्काने ऐकलंच नाही. ती जेटीकडे पळाली. टिटवीची इंजिनं सुरू झाली होती.

"आई, बंद कर. डावं इंजिन. सातवं लिटर मी ओतलंय. काकाच्या डब्यातलं."

आईने इंजिनं बंद केली. तिचा चेहरा बघवेना. ती फक्त म्हणाली, "बोंडू, किती वेळ?"

"सगळं तेल ओढून काढून नवं भरायला पंचवीस मिनिटं. माझ्याकडे एक लिटर आहे. सहा हवेत." मग त्याचं पिवळं डोकं उल्काकडे वळलं. "म्हणजे माझी मोजणी बरोबर होती?"

"हो रे. चूक माझी होती."

"बरं वाटलं," बोंडू म्हणाला आणि पंप लावला.

"उभी काय राहिलीस? इंजिनाची माहिती-पुस्तिका घे, सहा लिटर घेऊन ये," आई म्हणाली. "बघून आण."

दुकानातले पावलूमामा भराभर डबे काढत म्हणाले, "हे चार, आणि हे दोन. दहा-डब्ल्यू-चाळीस. पळ."

उल्का पळणारच होती. पण शेवटचे दोन डबे जरा वेगळे दिसले. "मामा, यांच्यावर त्या चारांसारखी बोटीची खूण नाही."

"अगो, आकडा तोच आहे ना? जुन्या मोटारसायकलींचं आहे ते. उलट महाग आहे."

तिने पुस्तिका उघडली. घाईत ओळ सापडेना. सापडली. "आकडा तोच हवा, आणि खूणही हवी. खूण म्हणजे खाऱ्या हवेत गंज लागू न देण्याची परीक्षा पास झालेलं. महाग असून उपयोग नाही."

पावलूमामांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्टुलावर चढून माळ्यावरून दोन डबे काढले. त्यांवर खूण होती.

पाच वाजून बारा मिनिटांनी टिटवी निघाली. वाळू ओलांडून पलीकडे गेली, तरी उल्का आवाज ऐकत राहिली. दोन इंजिनांचे दोन सूर. एक बंद पडलं तर कळेल, असं तिला वाटत होतं. मग काहीच ऐकू येईना, ते आणखी वाईट.

आजोबा शेजारी येऊन बसले. "बेटावरून परत यायला वाळू आड येईल," ती म्हणाली.

"परतताना टिटवी पलीकडच्या बंदरावर जाते. रुग्णालय तिकडेच आहे. रेडिओ ऐक."

बोंडूच्या छातीतला रेडिओ सव्वासातला खरखरला. "टिटवी बंदरात. सईदा रुग्णालयात पोचली. दोन्ही इंजिनं ठीक." मग आईचाच आवाज, "उल्का आहे तिथे?"

"आहे," उल्का पुटपुटली.

"ओरडायचं राहिलंय, ते घरी आल्यावर. आणि सकाळी मी आले की डिपस्टिक तू बघायची. बोंडूसमोर."

उल्काने पुस्तिका उशाशी घेतली. शेवटच्या कोऱ्या पानावर तिने लिहून ठेवलं: करंजाच्या बियांपासून इंधन होतं, तर बोटीचं तेल का नाही? समुद्रात सांडलं तरी माशांना अपाय न करणारं?

सकाळी त्याखाली बोंडूने लिहिलं: सात लिटर. मोजून.