आत्या आणि दोन क्रियापदं

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहे. एखादी गोष्ट एकदा घडली तर तिला योगायोग म्हणायचं, दोनदा घडली तरी योगायोगच म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घडली तर वही उघडायची, असं आम्हाला शिकवलं होतं. माझी पंचाईत अशी झाली की सगळं घडतच वहीत होतं.

दुसऱ्या वर्षी एक परकी भाषा घ्यावीच लागायची. पहिल्या वर्षाचं जर्मन कसंबसं पार पडलं होतं, म्हणून पुढचं, मध्यम पातळीचं जर्मन घेतलं. मंगळवार आणि गुरुवार, सकाळी अकरा वाजता, भाषा विभागाचा दुसरा मजला. आम्ही नऊ जण. खोलीला दोन खिडक्या होत्या. एक उघडायची नाही, दुसरी मिटायची नाही. जर्मनमध्ये बाईंना 'फ्राऊ' म्हणतात, म्हणून आमच्या बाईंचं नाव फ्राऊबाई पडलं होतं. त्या बुटक्या, नीटनेटक्या, आणि वर्गात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत जर्मनखेरीज अक्षर बोलायच्या नाहीत.

गृहपाठ ठरलेला असायचा. आपल्या कुटुंबाबद्दल दहा वाक्यं. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा : खोटं लिहिलंत तरी चालेल, व्याकरण खरं हवं.

मला शब्द येत होते जेमतेम चारशे. त्यातून मी लिहिलं, 'माझ्या मामाने लाल सोफा विकत घेतला आहे.' मामाला लाल रंग आवडत नाही आणि त्याच्या बैठकीत सोफ्याला जागाही नाही. शनिवारी मामाचा फोन आला. "अगं, सोफा घेतला. लाल. का घेतला ते विचारू नकोस, तुझी मामीही तेच विचारतेय."

योगायोग.

पुढच्या आठवड्यात लिहिलं, 'माझे बाबा सायकलने कामाला जातात.' बाबांनी वीस वर्षांत सायकलला हात लावला नव्हता. बुधवारी सकाळी ते शेजाऱ्यांची सायकल मागून आणून, पँटच्या पायाला रबर लावून निघाले. आई दारात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गुडघे तुमचे आहेत, शेकायचे मला आहेत!"

हाही योगायोग. जरा ओढूनताणून, पण योगायोग.

तिसरा प्रकार कुत्र्याचा. आपल्याकडे 'कुत्रा मामाला चावला' म्हटलं की त्या 'ला'वरून कोण कोणाला चावलं ते कळतं. जर्मनमध्ये हा 'ला' शब्दाच्या शेवटी नाही, आधी बसतो, आणि तिथेच माझी गडबड व्हायची. मी 'ला' मामाला लावायचा तो कुत्र्याला लावला.

त्याच संध्याकाळी मामा खालच्या आवाजात फोनवर म्हणाला, "भाचीबाई, आईला सांगू नकोस. समोरच्यांचा कुत्रा आहे ना, त्याला मी चावलो."

"कुठे?"

"कानाला. तो बिचारा नुसता बसला होता गं. आता त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे आलोय. डॉक्टर विचारतायत, याला चावलेल्याला लस टोचलेली आहे का म्हणून."

मंगळवारी वही परत आली. फ्राऊबाईंनी लाल शाईने दोन अक्षरं खोडून दोन अक्षरं घातली होती. बस, एवढंच. संध्याकाळी तोच कुत्रा मामाच्या पोटरीला चावला. मामाला उलट बरं वाटलं. "आता कसं, जगरहाटीप्रमाणे झालं," तो म्हणाला.

मग मात्र मी प्रयोग केला. लिहिलं, 'मी परीक्षेत पहिली आले आहे.' फ्राऊबाईंनी अख्खं वाक्य खोडून समासात लिहिलं : विषय कुटुंब आहे!

आता आत्याबद्दल सांगायला हवं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली आणि चार वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आली. म्हणजे माझ्या खोलीत. ती प्रेमळ होती, त्याबद्दल वादच नाही. पण घोरायची अशी की कपाटावरच्या बरण्या सरकायच्या. शिवाय माझ्या संख्याशास्त्राच्या आलेखांना पेन्सिलीने छाया द्यायची. "सपाट दिसतंय गं," म्हणायची.

त्या आठवड्यात धडा होता 'जेव्हा-तेव्हा'चा, भूतकाळातला. वही माझ्यासमोर होती, आत्या मागे घोरत होती, आणि माझ्या मनात पाप आलं. मी लिहिलं, 'जेव्हा माझी आत्या राहत होती, तेव्हा मला झोप येत नसे.' ती दुसरीकडे कुठेतरी सुखाने राहायला जावी, एवढंच मला हवं होतं. खरंच एवढंच.

गुरुवारी वर्गात वह्या तपासायला दिल्या. दुपारी ग्रंथालयात जर्मनच्या वर्गातल्या मैत्रिणीला मी ते वाक्य ऐटीत म्हणून दाखवलं. ती हसत सुटली.

"अगं, राहण्याला 'वोनेन'. तू 'लेबेन' घातलंस. लेबेन म्हणजे जगणं."

"म्हणजे?"

"म्हणजे, जेव्हा माझी आत्या हयात होती."

ग्रंथालयातल्या घड्याळात दीड वाजला होता. मी जिन्यात जाऊन घरी फोन लावला. आईने उचलला. मागे कुकरची शिट्टी झाली.

"आई, आत्या काय करतेय?"

आईने गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग अगदी हळू, कधी नव्हे इतक्या मायेने म्हणाली, "आज कशी गं तुला तिची आठवण आली?"

मी धावले.

शिक्षकांच्या खोलीत फ्राऊबाई एकट्याच डबा खात होत्या. वह्यांचा गठ्ठा खिडकीत होता.

"बाई, माझी वही! आत्ता तपासा, प्लीज, माझी आत्या..."

त्यांनी घास गिळला, रुमालाने तोंड टिपलं आणि जर्मनमध्ये म्हणाल्या, "जर्मनमध्ये बोला."

चारशे शब्द. त्यातला एकही जागेवर नाही. मी म्हणाले त्याचं मराठी साधारण असं होईल : "माझा आत्या आज दुपारचं जगत नाही. मी चूक क्रियापद आहे. कृपया लाल!"

"माझी आत्या," त्यांनी सुधारलं.

"माझी आत्या!"

"आणि 'मी क्रियापदात चूक केली आहे.'"

"केली आहे! केली आहे!"

त्यांनी गठ्ठ्यातून वही काढली. पान उघडलं. वाक्य वाचलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

लाल पेन उमटेना.

त्यांनी ते झटकलं, तळहातावर घासलं, टोकावर फुंकर मारली.

शेवटी एक बारीक लाल रेघ उठली. क्रियापद खोडलं. वर दुसरं लिहिलं. त्याच्या आधी दोन छोटे जर्मन शब्द घातले, अर्थ : आमच्याकडे.

एक वाजून पन्नास मिनिटं.

टोपण लावून त्या पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलल्या. "गेल्या वर्षी एकाने आजोबांबद्दल हीच चूक केली होती. मी आठवडाभर रजेवर होते." मग डबा पुढे ओढून त्या पुन्हा जेवू लागल्या.

मी घरी पोचले तर आत्या पलंगावर बॅग उघडून लुगडी भरत होती. तिच्या एका जुन्या मैत्रिणीला सोबत हवी होती, मोठं घर होतं, मागे अंगण होतं. आई दारात उभी राहून म्हणत होती, "वन्सं, असं काय अचानक? आमचं काही चुकलं का?" मी आत्याला मिठी मारून इतकी रडले की तिला वाटलं, मला तिचा लळा होता. तो होताच. फोनवर काय म्हणाली होतीस, असं मी आईला विचारलं. तिला फोन आल्याचंच आठवत नव्हतं.

मी जर्मन पास झाले, शंभरात एकावन्न. नंतरचे सगळे गृहपाठ एका लाकडी खुर्चीबद्दल लिहिले. खुर्ची आमच्या कुटुंबातलीच आहे, असं फ्राऊबाईंना पटवून दिलं.

आत्या गेल्यावर आठवड्याने घरी एक पाकीट आलं. बाबांच्या नावाचं होतं, पण वर आत्याच्या शाळेचा शिक्का, म्हणून बाबांनी ते न उघडताच माझ्याकडे दिलं. रविवारी मी ते घेऊन गेले. आत्या अंगणात खुर्ची टाकून बसली होती, चेहरा टवटवीत, हाताला रंग लागलेले. तिने चष्मा लावला, पाकीट फोडलं आणि वाचता वाचता खुदकन हसली.

"अगं, हे तर माझ्या दुखवट्याचं पत्र आहे! माझ्याबरोबरच्या दोघींनी लिहिलंय, अजून शाळेत शिकवतात त्या. बघ काय काय लिहिलंय, प्रेमळ, शिस्तप्रिय, हाडाची कलावंत! नोकरीत असताना यांनी कधी बरं म्हटलं नाही मला."

तारीख त्या गुरुवारची होती.

"आणि हे ऐक. 'शेवटी त्यांना काही त्रास झाला नाही, आम्ही दोघी त्यांचे हात धरून बसलो होतो.'"

तिने पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली.

"गुरुवारी दुपारी मी तुझ्या खोलीत झोपले होते ना गं?"

"हो, आत्या," मी तेव्हा कॉलेजात होते तरी म्हणाले.

"मग त्या दोघी उशाशी दिसल्या, ते स्वप्नच असेल," ती आपले तळवे उलटेसुलटे करत म्हणाली. "पण उठले तेव्हा दोन्ही हातांना खडू लागलेला होता. धुतला तरी संध्याकाळपर्यंत जाईना."