खालचा बाण

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. पण हे माझ्या घरात घडलंय. धारवाड, सप्तापूर, साल २००७. आणि तेही दिवसाढवळ्या.

मी शाळामास्तर. लग्न केलं नाही. माझी थोरली बहीण वत्सलाअक्का, तिनंही केलं नाही. घरात आम्ही दोघं आणि एक कॉम्प्युटर.

अक्का ग्रंथालयात कामाला होती. तिथं कुणीतरी तिला लिनक्सची सीडी दिली. विंडोजसारखंच, पण फुकट मिळणारं. ते तिनं घरच्या मशीनवर घालून घेतलं. तेव्हापासून मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची. वर माझं विंडोज, खाली तिचं लिनक्स. दहा सेकंदांत खालचा बाण दाबला तर तिचं सुरू व्हायचं. नाहीतर आपोआप माझं.

अक्का मशीन सुरू करून स्वयंपाकघरात जायची आणि मग तिथून लगबगीनं, ओल्या हातानं यायची.

"थांब रे बाबा, आले मी," असं मशीनला म्हणायची.

"हात पूस की आधी," मी ओरडायचो.

श्रावणात अक्का गेली. तापाचं निमित्त झालं.

तेरावा झाला. एके दिवशी शाळेतून येऊन मी मशीन सुरू केलं आणि चहा टाकायला गेलो. परत आलो तर...

पडद्यावर लिनक्स. नाव, वत्सला. पासवर्ड मागत होतं.

माझाच हात लागला असेल, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी बटणांवरून बोट फिरवलं. सगळी कोरडी. खालचा बाण मात्र...

ओला.

समोर बसलो की काही व्हायचं नाही. पाठ फिरवली की व्हायचं.

मी घाबरलो. उगाच शौर्य कशाला सांगू? सुभाष रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून प्रवीणला बोलावलं आणि ते लिनक्स काढून टाकायला सांगितलं.

"आत अक्कांचं काय काय असंल की, सर. पासवर्ड नसला तरी उघडून देतो बघा."

"नको. पुसून टाक."

"होगली बिड्री," जाऊ द्या, म्हणत त्यानं अर्ध्या तासात काम उरकलं. दोन नावांचा पडदाही गेला. मशीन थेट विंडोजमध्ये जायला लागलं.

दुसऱ्या दिवशी चहा टाकत होतो. बाहेरच्या खोलीतून...

टक.

मग, टक. टक. टक.

धावत आलो. कुणी नाही. बाण ओलाचिंब, आजूबाजूच्या बटणांवरही थेंब.

ती शोधत होती. तिचं नाव येतच नव्हतं.

मला भीतीपेक्षा लाज वाटली.

रोज तेच. मग खंडेनवमी आली. त्या दिवशी मशीनची पूजा असते, ते सुरू करायचं नसतं. अक्का पहिलं कुंकू त्या बाणाला लावायची. यंदा घरात सण नव्हता, तरी मी लावलं. प्लग काढून ठेवला आणि दुपारी आडवा झालो. तेवढ्यात...

टक. टक. टक.

उठून पाहिलं. बाणावरचं कुंकू धुऊन गेलं होतं.

दसरा झाल्या झाल्या प्रवीणला परत आणलं. लिनक्स पुन्हा घालून घेतलं, नावही वत्सलाच ठेवलं.

दोन नावं परत दिसली. मी स्वयंपाकघरात गेलो, पाठ करून उभा राहिलो, दहापर्यंत मोजलं. बाहेर आलो तर...

विंडोज. बाण कोरडा.

त्यानंतर ती कधी आली नाही. दोन वर्षं झाली. आत तिनं काय लिहिलं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. आपलं सगळं पुसलेलं तिनं पाहिलं असेल का, हा विचार मला झोपू देत नाही.

अजून रोज शाळेतून आलो की मशीन सुरू करतो आणि स्वयंपाकघरात जाऊन पाठ करून उभा राहतो. मागच्या आठवड्यात प्रवीणला सांगून दहा सेकंदांचे साठ करून घेतले.

अक्काचे गुडघे दुखायचे.