ही खुर्ची रिकामी आहे का?

या घरात सासू-सुनेचं चांगलं जमायचं, आणि त्याचं कारण होतं सुनेचा राग. सासूबाई स्वभावानं मऊ. कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तरी त्याच ‘लागलं का हो?’ म्हणून विचारणार. त्यांच्या वाटचं भांडण मग सून भांडायची. ती औषधांच्या दुकानात काम करायची. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर लावता लावता तिची खात्री पटली होती, की माणसानं नीट बघितलं तर निम्मे घोटाळे होतच नाहीत. म्हणून सुट्टीच्या दिवशी संग्रहालयाच्या दारात तिकीटवाल्यानं तीनच तिकिटं फाडली, तेव्हा तिच्या कपाळावर आठी चढली.

“चार,” ती म्हणाली.

“तिघंच आहात ना?”

“आणि या आमच्या सासूबाई? त्या काय हवेत तरंगतायत?”

सासूबाई तिच्या शेजारीच होत्या. हातात काठी, अंगात जांभळा स्वेटर. तिकीटवाल्यानं मान वाकडी करून पाहिलं, क्षणभर डोळे बारीक केले आणि मुकाट्यानं चौथं तिकीट फाडलं.

“अगं, एवढीशी तर आहे मी,” सासूबाई हसून म्हणाल्या. “नसेन दिसले.”

नवरा लेकीला घेऊन पुढे गेला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. यंत्र दिसलं की त्याला बाकीचं जग दिसत नसे. खालच्या मजल्यावर जुनी घड्याळं होती, होड्यांच्या प्रतिकृती होत्या, एक दातांच्या डॉक्टरची खुर्चीही होती. तिचा पायानं दाबायचा पंप बघत तो गुडघ्यावर बसला. लेक दगडांच्या दालनात रमली. पुढच्या दालनात पेंढा भरलेले पक्षी होते. तिथे कापूर आणि जुन्या पिसांचा वास कोंदला होता. सासूबाई एका घुबडासमोर थबकल्या. “बघ, तुझ्यासारखंच रागावून बघतंय,” म्हणाल्या. सून हसत बाहेर आली, मागून सासूबाई येत होत्या, आणि पहारेकऱ्यानं त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. आतला दिवाही मालवला.

“अहो! माणूस आहे आत!”

“मी बघून घेतलं, बाई. कुणी नव्हतं.”

दार उघडलं. अंधारात सासूबाई तशाच उभ्या होत्या, हाक न मारता. सुनेनं पहारेकऱ्याला असं काही सुनावलं, की दगडांच्या दालनातले लोकही बाहेर येऊन बघू लागले. म्हातारी माणसं म्हणजे काय अडगळ? दिवा घालवण्याआधी एक हाक मारायला काय होतं? नवरा धावत आला. “जाऊ दे ना. सगळे बघतायत.”

“बघू देत! कुणीतरी बघतंय, हेच खूप झालं.”

सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. बोटं थंड होती. “तू भांडतेस ना, तोवर बरं वाटतं गं,” त्या हळूच म्हणाल्या.

उपाहारगृहात पोऱ्यानं तीनच ग्लास ठेवले. सुनेनं आपला ग्लास सासूबाईंसमोर सरकवला. शेजारच्या टेबलावरची एक बाई उठून आली आणि सासूबाईंच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिनं विचारलं, “ही खुर्ची रिकामी आहे का?”

“हो, घ्या ना,” लेक म्हणाली.

सून ताडकन उठली. “डोळे फुटले का तुझे? आजी बसलीय!”

लेकीनं खुर्चीकडे पाहिलं. चेहरा गोरामोरा झाला. “अगं हो,” ती पुटपुटली. “आत्ता दिसली.” नवरा मात्र सँडविच खात बायकोकडे बघत होता, काळजीनं. जशी तापात बरळणाऱ्या माणसाची काळजी वाटते, तशी.

तिथून निघावं असं सुनेला वाटलं. पण बाहेरची वाट वरच्या मजल्यावरून होती, आणि तिथलं शेवटचं दालन घरगुती वस्तूंचं होतं. कंगवे, चष्मे, चहाची भांडी. कुणाची ते माहीत नाही, असं प्रत्येक पाटीवर लिहिलं होतं. एका भिंतीवर खुंट्यांना काठ्या टांगलेल्या. सासूबाईंनी आपली काठी बाकाला टेकवली आणि जरा बसल्या. सून पाण्याची बाटली काढायला वळली. तेवढ्यात तिथल्या मदतनीस मुलीनं काठी उचलली, फडक्यानं पुसली आणि भिंतीवर टांगली.

मधली एक खुंटी रिकामीच होती. भिंतीचा रंग सगळीकडे विटलेला, पण त्या खुंटीखाली काठीच्या आकाराचा एक उजळ पट्टा होता. काठी त्यात बरोबर बसली.

“ती आमची आहे!” सुनेचा आवाज छताला लागला. “खालचं रबर मी स्वतः दुकानातून आणून बसवलंय!”

मुलगी गोंधळली. सुनेनं भिंतीकडे पाहिलं. सगळ्याच काठ्यांना रबरं होती.

“आई, चला. उठा.” तिनं सासूबाईंचा हात घट्ट पकडला.

“सोडू नकोस हं,” सासूबाई म्हणाल्या. आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला.

“आई?” नवऱ्यानं विचारलं. “कुणाची आई?”

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो एक पाऊल मागे सरला. मग ती ओरडत सुटली. साहेबांना बोलवा म्हणाली. माणसं दिसत नाहीत तर संग्रहालयं कशाला चालवता, म्हणाली. एका हाताची मूठ आवळलेलीच होती.

अधिकारी बाई आल्या. पिकलेले केस, मऊ आवाज. त्यांनी वाद घातला नाही. सुनेला बसवलं, पाणी दिलं, शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमचं अगदी खरं आहे,” त्या म्हणाल्या. “चूक आमची आहे. मी मनापासून माफी मागते.”

एवढं नीट तिच्याशी दिवसभरात कुणी बोललं नव्हतं.

तिचे खांदे सैल झाले. श्वास खाली बसला.

ग्लास घ्यायला तिनं दोन्ही हात पुढे केले.

“आता सांगा,” बाई म्हणाल्या. “नक्की काय झालं?”

तिनं तोंड उघडलं. बराच वेळ ते उघडंच राहिलं.

“तुमचा दारातला माणूस,” ती शेवटी म्हणाली, “नीट बोलला नाही.”

घरी परतताना गाडीत ऐसपैस वाटत होतं. लेक मागच्या सीटवर आडवी होऊन झोपली. नवरा शीळ घालत होता. सुनेचा राग अजून पुरता गेला नव्हता. कशाचा ते मात्र आठवेना.

संध्याकाळी तिनं पर्स झटकली, तर आतून एक गोळ्यांची डबी पडली. दिवसभराचे तीन कप्पे. सकाळ आणि दुपार रिकामे होते. तिसऱ्यात रक्तदाबाची अर्धी गोळी. झाकणांवर शाईनं चित्रं काढलेली : उगवता सूर्य, मोठा सूर्य आणि चंद्र.

“कुणाची गं?” नवऱ्यानं विचारलं.

“असेल कुणा गिऱ्हाइकाची. म्हातारं माणूस दिसतंय.” तिनं डबी हलवून पाहिली आणि तिचा आवाज चढला. “रात्रीची गोळी तशीच आहे! घरच्यांना एवढंही बघता येत नाही? काय एकेक माणसं असतात!”

लेक झाकणावरच्या चंद्रावरून बोट फिरवत होती.

“हा मस्त काढलाय,” ती म्हणाली. “मी काढते ना, तस्साच.”