बिट्टीची राणी

पॉलिशवाल्याच्या घरात दारांच्या मुठी लखलखत असायच्या, आणि त्यासाठी कुणी कधी फडकं हातात घेतलं नव्हतं. सगळी करामत त्याच्या तळहातांची. उभं आयुष्य फिरत्या चाकापुढे गेलेलं. नळ, कड्या, बक्षिसांचे पेले, जे येईल ते चाकावर धरायचं आणि आरसा करून परत द्यायचं. चाकाला लावायची तांबूस वडी त्याच्या तळहातांच्या रेषांत अशी मुरली होती की साबणानेही हात टेकले. तो ज्याला हात लावी ते चकाके. चहाच्या चमच्याची दांडी चकाके, जिन्याचा लोखंडी कठडासुद्धा नेमका त्याचा हात जिथे पडे तिथेच चकाके. बायको म्हणायची, "लग्नात तुम्ही हा हात धरलात ना, तेव्हापासून हाच जरा उजळ आहे बघा."

धाकट्या बिट्टीला तर बापाचा वास जिन्यातच येई. तापलेलं पितळ आणि ती वडी. तो खालच्या मजल्यावर असतानाच ती ओरडे, "बाबा आला!" नाक मोठं तिखट पोरीचं. तिचा अंदाज कधी चुकला नव्हता, आणि त्या एका हाकेवर त्याचा दिवसभराचा शीण उतरायचा.

सुट्टी लागली आणि पोरं फोनमध्ये तोंड खुपसून बसायला लागली. ओरडून काही उपयोग नव्हता. मग त्याच्या मनाने घेतलं, पोरांना नाण्यांचा नाद लावायचा. बाजारात एका इमारतीच्या जिन्याखाली नाण्यांचं दुकान होतं. तिथे काउंटरमागे एक बाई रस्त्याकडे तोंड करून बसलेली असे. गिऱ्हाइकाला तिचा एकच गाल दिसायचा. बोलतानाही तिने मान वळवली नाही. पारदर्शक कप्प्यांचा एक अल्बम दिला, डबाभर जुनी देशोदेशीची नाणी वजनावर दिली.

"एकच सांगते. घासू नका. काळी असली तर काळी राहू द्या."

"अहो ताई, माझा धंदाच घासायचा आहे," तो हसून म्हणाला.

"हात दिसले मला. म्हणूनच सांगतेय."

त्याला थोडं लागलं ते. काळं दिसलं की उजळायचं, यावर तर त्याचं घर चाललं होतं.

घरी टेबलावर डबा उपडा केला आणि पोरं खरंच फोन विसरली. थोरला दादा भिंग घेऊन एकेका देशाची नाणी वेगळी करू लागला. बिट्टीने मात्र एकच उचललं. काळंकुट्ट, जडसर. एका बाजूला डावीकडे पाहणारं बाईचं डोकं, झिजून ओळखू न येणारं. दुसरी बाजू नुसती सपाट.

"ही माझी राणी," बिट्टी म्हणाली. "बाबा, हिला चमकव ना."

"नाही घासायचं, बिट्टे," दादा म्हणाला. "त्या बाईंनी सांगितलंय ना?"

"बाबाला सगळं येतं," बिट्टी म्हणाली. झालं. एवढं ऐकल्यावर कुठला बाप मागे हटेल?

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळे जेवायला गेल्यावर त्याने नाणं चाकाला लावलं. काळं भराभर निघालं आणि खालून असा सुंदर चेहरा वर आला की तो पाहतच राहिला. पापणीचा केस न् केस, किंचित उघडे ओठ. आता थांबायला हवं, हे त्याला कळत होतं. पण पॉलिशवाल्याची खोडच ती, अजून एक हात मारावासा वाटतोच. त्याने तो मारला. चेहरा गेला. दोन्ही बाजू सपाट, फक्त भोवतीची उंच कड तेवढी उरली.

घरी येऊन त्याने नाणं गुपचूप कप्प्यात सरकवलं.

"राणी कुठे गेली?" बिट्टीने विचारलं.

"लाजलीय. पाठ करून बसलीय."

बिट्टीला पटलं. तो खोटं बोलला होता, आणि तिला पटलं याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर केव्हातरी बिट्टीची मान डावीकडे वळली. जेवताना ती खिडकीकडे बघत जेवू लागली. "झोपेत अवघडली असेल," डॉक्टर म्हणाले. बायकोने गरम फडक्याने शेकलं, तेल चोळलं. दुखत तर नव्हतंच. "मला या बाजूला काही दिसतच नाही," बिट्टी आपली सहज सांगायची. "गार गार आहे इकडे. भिंतीसारखं."

तो टेबलाला वळसा घालून तिच्या दुसऱ्या बाजूला गेला. तिथूनही त्याला डावाच गाल दिसला. परत फिरला. तोच गाल. डोळे चोळले, पाणी प्यायला. कामाचा ताण असेल, असं त्याने स्वतःला बजावलं.

मग ती खोलीबाहेर येईना. खेळायला चल म्हटलं तर उंबऱ्याशी यायची आणि थांबायची.

"इथे कड आहे, बाबा."

"कसली कड गं?"

तिने मोकळ्या दारात हात टेकला. हात टेकलेलाच राहिला. दादाला ते नाटक वाटलं. त्याने तिला हसतहसत उचललं आणि दारातून निघाला. तिचे गुडघे कशालातरी आपटले. ठण्ण आवाज झाला, पातेलं आपटल्यासारखा. दादाने तिला हळूच खाली ठेवलं. त्यानंतर त्याने अल्बमला हात लावला नाही.

बाप मात्र अल्बमकडे गेला. सगळे कप्पे स्वच्छ होते. एकाच कप्प्यावर वाफ धरली होती, आतून.

त्याने नाणं काढलं. ते कोमट होतं. सपाट बाजूवर पुन्हा चेहरा उठला होता. डावीकडे बघणारा, लहान पोरीचा. कपाळावरची झुलपं एका बाजूला आखूड होती. बायकोने परवाच घाईत कापली होती, तिरकी.

तो धावतच दुकानात गेला. बाई रस्त्याकडे तोंड करून बसली होती.

"घासलंत," ती म्हणाली.

"चुकलो. पाया पडतो तुमच्या. माझं लेकरू अडकलंय हो. काय करू सांगा."

"हातात धरा. हाताच्या घामाने नाणं काळवंडतं. पुरतं काळवंडलं की सुटेल ती. ज्या हाताने घासलं त्याच हातात. दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, खाली ठेवायचं नाही. आणि सारखी मूठ उघडून बघायचं नाही."

"नक्की सुटेल?"

"हातावर आहे."

तिच्या मागे काचेचं कपाट होतं. त्यात तिचा दुसरा गाल दिसायला हवा होता. त्याने तिकडे पाहिलं नाही.

त्या दिवसापासून त्याने मूठ सोडली नाही. डाव्या हाताने जेवला. झोपताना बायकोने मुठीवर मोजा चढवून दोरी बांधली. ती रडत होती, पण तिच्या हातची गाठ घट्ट बसत होती. दिवसभर तो उंबऱ्याच्या अलीकडे बसून राही, पलीकडे बिट्टी बसे. तो तिला गोष्टी सांगे. बोलताबोलता मुठीतला अंगठा नकळत त्या कपाळावरून, नाकावरून, ओठांवरून फिरत राही, तान्ह्याला निजवताना फिरतो तसा. हाताला घाम येत होता. भरपूर येत होता. आता काळवंडत असेल, असं मनाशी म्हणून तो मूठ आणखी आवळी.

रजा वाढवून घ्यायला तो एकदा कारखान्यात जाऊन आला. परत येताना जिन्याशी पोचला तेव्हा त्याला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. दुपारचं ऊन कठड्यावर पडलं होतं. वर जायला त्याने मोकळ्या हाताने कठडा धरला.

हाताखाली लोखंड चकाकत होतं.

इतकी वर्षं तो त्याला फक्त धरत आला होता. घासलं कधीच नव्हतं.

तो तिथेच थांबला. वरून हाक येईल म्हणून कान देऊन उभा राहिला. मग चढू लागला. खालचा मजला संपला, मधलाही संपला. हाक आली नाही.

घराच्या दाराशी त्याने मूठ उघडली. नाणं आरशासारखं लखलखत होतं. झुलपं होती, हनुवटी होती. मधला नाकाचा भाग अंगठ्याखाली गुळगुळीत झाला होता.

मूठ मिटायचीही त्याला भीती वाटली. सोडायची तर त्याहून. तळहात तसाच उघडा धरून तो आत गेला.

खोलीत खिडकीसमोर बिट्टी बसली होती, डावीकडे तोंड करून. उजेड तिच्या मागे होता.

"बाबा, तूच आलास ना रे?" तिने विचारलं. "आज वासच नाही आला."