वस्तीवरचा काळा गोल

वडूजच्या अलीकडं, माळावरच्या वस्तीत जालिंदर एकटाच उरला होता. बायको अंजना गेल्या साली वारली. भाऊबंद कुपवाडच्या कारखान्यांकडं केव्हाच पांगले, मुलगा प्रशांतही तिकडंच. फौजेत उमर घालवलेला हा गडी कुरकुर करणाऱ्यातला नव्हता. पण संध्याकाळी हात चुकून भाकरी जास्त थापायचा, आणि मग खायला कुणी नाही हे आठवून उरलेली फडक्यात बांधून ठेवायचा.

सून माया शाळेत भूगोल शिकवायची. अवकाशातून काढलेले पृथ्वीचे रात्रीचे फोटो ती पोरांना दाखवायची. सुट्टीला वस्तीवर आली तेव्हा तिनं मोबाईलवर साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचा मुलूख उघडला. कराड म्हणजे नुसत्या सांडलेल्या लाह्या. जालिंदर हरखला. आपली वस्ती कुठली ते दाव, म्हणाला. मायानं फोटो मोठा केला. वडूज होतं, पलीकडची गावं होती, आणि वस्तीच्या जागी काळा गोल होता.

“लाईट गेली असंल,” प्रशांत म्हणाला. आपल्याकडं अंधाराला दुसरं कारण सुचतं कुणाला?

पण वस्तीला लागूनच पोल्ट्रीची लांबलचक शेड होती. पिल्लांना ऊब लागते, म्हणून तिथले बल्ब जनरेटरवर का होईना, रातभर जळायचे. फोटोत तेही नव्हते.

उजेडच कमी पडतोय, असं जालिंदरनं ठरवलं. त्यानं यात्रेच्या मांडववाल्याकडून हॅलोजन आणला आणि कळकाच्या शेंड्याला आकाशकंदिलासारखा चढवला, तोंड आभाळाकडं करून. वरनं बघणाऱ्याला कळू दे, हितं माणूस राहतंय. पोल्ट्रीवाला म्हणाला, म्हातारं खुळावलं. म्हणेना का!

नवा फोटो आला. गोल तिथंच होता, कडा मात्र आता चांगली रेखीव दिसत होती.

“मामा,” माया फोनवर सासऱ्याला हळूच म्हणाली, “ह्यो खालचा अंधार वाटत न्हाई. मधी कायतरी आल्यागत दिसतंय.”

प्रशांत दुसऱ्याच दिवशी आला आणि बापाला कुपवाडला घेऊन गेला. तिथं जालिंदर सुखावला. सुनेच्या हातची आमटी, टीव्हीचा कालवा, रात्रपाळीच्या दुचाक्यांची ये-जा. पावसाळाभर त्याला गाढ झोप लागली.

आभाळ निवळलं, तसा पुढचा फोटो आला. वस्ती उजळली होती, पोल्ट्रीची शेड अगदी फटफटीत. आणि झगमगणाऱ्या कुपवाडात, प्रशांतच्या गल्लीवर, काळा गोल होता.

लाईट गेली असंल, असं या खेपेला कुणी म्हणालं नाही. मायानं सासऱ्याचे कपडे धुऊन, इस्त्री करून पिशवीजवळ ठेवले. राहा की मामा, असंही म्हणाली, पण नजर छताकडं होती. जालिंदरला तिचा राग आला नाही. सकाळच्या एसटीनं तो वस्तीवर परतला आणि आल्या आल्या त्यानं हॅलोजन लावला.

थंडीच्या दिवसांत, सांजेला, मायाचा फोन आला.

“गेला तो, मामा. हितं न्हाई, तितं न्हाई. सगळीकडं धुंडाळलं. तुमचा हॅलोजनबी दिसतोय आता.”

“माझा?”

“व्हय. पोल्ट्री सोडली तर आजूबाजूला कायच न्हाई, म्हणून लगेच वळखू येतोय.”

तिचा जीव भांड्यात पडला होता. बरं झालं, म्हणून जालिंदरनं फोन ठेवला.

मग तो अंगणात येऊन उभा राहिला. इतके दिवस डोक्यावर कुणीतरी होतं. कुपवाडापर्यंत मागं आलं होतं. तेही गेलं.

अंजना गेली तेव्हा आला नव्हता, असा हुंदका त्याला आला.

त्यानं हॅलोजन बंद केला. बाज अंगणात ओढली.

“ये रं गड्या,” तो वर बघून म्हणाला.

अंधार पडला. चांदण्या निघाल्या. बाजेच्या नेमक्या वरती मात्र एकही निघाली नाही.

जालिंदर एका कडेला सरकून निजला.